तालमीच्या हॉलमधली मोफत कायदा मदत : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात नदीकडच्या आमच्या पेठेत दर रविवारी सकाळी तालमीच्या हॉलमध्ये मी, माझे दोन ज्युनिअर आणि लॉ कॉलेजची काही मुलं-मुली टेबलं मांडून बसतो. ज्यांना कायद्याची अडचण आहे ते येतात, कागद दाखवतात, बोलतात. तेच ते प्रश्न दर आठवड्याला येत असल्यामुळे उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत. गल्लीतल्या ज्यांना यायला संकोच वाटतो त्यांना ही वाचून दाखवा.

हे खरंच फुकट आहे का? नंतर पैसे मागणार नाही ना?

फुकट आहे. आधी नाही, नंतर नाही, "चहापाण्याला" म्हणूनही नाही. काम झाल्यावर पेढे आणले तर ते तालमीतल्या पोरांना वाटले जातात, तेवढं चालतं. आमच्या टेबलावरच्या कुणी पैसे मागितले तर त्याच दिवशी मला सांगा.

मग हे करता कशाला? निवडणुकीला उभं राहायचं आहे का?

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मोकळेपणाने उत्तर देते. निवडणुकीचा काही संबंध नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ४६ वा नियम सांगतो की ज्याला पैसे परवडत नाहीत त्यालाही वकिलाची मदत मिळाली पाहिजे आणि आपल्या ऐपतीत राहून गरिबाला मोफत मदत करणं हे वकिलाच्या समाजाप्रति असलेल्या सर्वांत मोठ्या कर्तव्यांपैकी एक आहे. सनद घेताना आम्ही सगळेच हे स्वीकारतो.

दुसरं कारण माझं स्वतःचं. कसबा बावडा रस्त्यावरच्या कोर्टात माणसं माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा सही होऊन गेलेली असते. कागद वाचला नव्हता, वाचला तर कळला नव्हता, विचारायला कुणी नव्हतं. सहीच्या आधी अर्धा तास कुणी शेजारी बसून कागद समजावला असता तर कित्येक खटले उभेच राहिले नसते. तो अर्धा तास पेठेत मिळावा म्हणून हे टेबल आहे.

हॉलबाहेर फ्लेक्स का नाही? तुमचं नाव, फोन कुठंच दिसत नाही.

वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे, बार कौन्सिलचाच ३६ वा नियम. समाजसेवेच्या निमित्तानं स्वतःचा फोटो चौकात लावणं मला त्याच नियमाचा भंग वाटतो. तालमीच्या फळ्यावर खडूनं "रविवारी कायदा मदत" एवढं लिहिलेलं असतं, ते पुरतं.

येताना काय आणायचं?

असतील ते सगळे कागद आणा. कामाचे कुठले, बिनकामाचे कुठले हे घरी ठरवू नका. कॅरीबॅगमध्ये कोंबून आणलेत तरी चालेल, लावून आम्ही घेतो.

नोटीस आली असेल तर तिचं पाकीटही आणा. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का आणि तारीख कधी कधी आतल्या मजकुराइतकीच महत्त्वाची असते, कारण मुदत तिथून मोजायची असते. चेक न वटल्याची नोटीस मिळाली की पैसे भरायला १५ दिवस असतात. ते गेले की समोरच्याला पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करता येते. आणि ज्याचा चेक परत आलाय त्यानं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवायची असते. हे दिवस हातातून गेले की चांगली बाजूही लंगडी पडते.

पेठेत एक समज घट्ट बसला आहे की पोस्टमनकडून नोटीस घेतलीच नाही तर केस होत नाही. होते. बरोबर पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवलेली नोटीस घ्यायला नकार दिला तर ती मिळाली असंच कोर्ट सहसा धरतं. फरक इतकाच पडतो की तुमच्यावर काय आरोप आहे हे तुम्हाला माहीत नसतं. नोटीस घ्या, तारीख लिहून ठेवा, आणि या.

मूळ कागदावर पेननं खुणा करू नका, आणि जुने दस्त लॅमिनेट करू नका. चांगल्या भावनेनं केलेलं लॅमिनेशन पुढे शिक्का किंवा सही तपासताना आडवं येतं.

भाऊ म्हणतोय, "हक्कसोडपत्रावर सही कर, नुसती औपचारिकता आहे." करू का?

या टेबलावर सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्या बहुतेक बहिणी डोळ्यांत पाणी घेऊन येतात. भावाशी भांडायचं नसतं, आणि आपण फसतोय का ही शंकाही जात नसते.

हक्कसोडपत्र ही औपचारिकता नाही. दुय्यम निबंधकाकडे ते नोंदवलं गेलं की तुमचा हिस्सा गेला. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीनं मिळाला आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. "लग्नात खर्च केला, तोच तुझा वाटा" हे वाक्य घराघरात ऐकायला मिळतं. कायद्यात त्याला आधार नाही.

तरीही, समजून-उमजून हक्क सोडायचा असेल तर तो तुमचा अधिकार आहे. कित्येक बहिणी आनंदानं सोडतात आणि मी त्यांना अडवत नाही. माझं म्हणणं एवढंच की काय सोडतोय ते आधी बघा. एका ताईंचं उदाहरण तपशील बदलून सांगते. त्यांना सांगितलं होतं की गावाकडच्या एका शेताचा कागद आहे. पहिल्या पानावर खरोखर त्याच शेताचा गट नंबर होता. तिसऱ्या पानावर परिशिष्ट होतं, त्यात शहरातलं घर आलेलं, आणि खाली एक ओळ : "व यापुढे आढळून येतील त्या सर्व मिळकती." आमच्यातल्या एका मुलीनं तो मजकूर बोट ठेवून सावकाश वाचून दाखवला. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "घराचं मला कुणी बोललंच नव्हतं." त्या घरी गेल्या, भावाशी शांतपणे बोलल्या, घर वगळून नवा कागद झाला. दोघांचं येणंजाणं आजही चालू आहे. आधी विचारल्यानं नातं तुटतं असं मी फारसं पाहिलं नाही. नंतर कळल्यानं मात्र हमखास तुटतं.

म्हणून सहीआधी कच्चा मसुदा मागून घ्या. प्रत्येक मिळकतीचा गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर बघा. मोबदला ठरला असेल तर रक्कम कागदात लिहून, चेकनं घ्या. निबंधकापुढे "मजकूर मान्य आहे का, सही तुमचीच का" असं विचारतात, तो प्रश्न खरा असतो. मान्य नसेल तर तिथंही नाही म्हणता येतं, आणि तुम्ही नाकारलंत तर तुमच्यापुरता तो दस्त नोंदवला जात नाही.

सही होऊन गेली असेल आणि फसवणूक झाली असेल तर दस्त रद्द करण्याचा दावा लावता येतो. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. पण सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर असतं, आणि ते जड असतं.

नॉमिनी भाऊ आहे. मग बँकेतले पैसे त्याचेच का?

नाही. नॉमिनीनं पैसे घ्यायचे ते वारसांच्या वतीनं. मालकी वारसा कायद्यानं किंवा मृत्युपत्रानं ठरते.

मुलाच्या नावावर घर करून दिलं. आता तो विचारत नाही. काही करता येईल?

येईल. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा यासाठीच आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात करायचा. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. अर्ज साध्या भाषेत असतो, तो आम्ही लिहून देतो.

घर परत मिळवण्यासाठी त्या कायद्याचं २३ वं कलम आहे. "सांभाळ करीन" या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवता येतो. मात्र तशी अट होती हे दाखवावं लागतं, आणि आपल्याकडची बक्षीसपत्रं "प्रेमापोटी दिले" एवढंच म्हणतात. बक्षीसपत्र करणारच असाल तर सांभाळाची अट त्यात शब्दांत लिहा.

आजोबा-आजींना माझा सल्ला असा की जिवंतपणी घर नावावर करण्याची घाई करू नका. मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतात, आणि मन बदललं तर नवं करता येतं. साक्षीदार शक्यतो तुमच्यापेक्षा वयानं लहान आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असा घ्या.

मालक म्हणतो भाडेकरार तोंडी राहू दे.

राहू देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या ५५ व्या कलमानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर वादात भाडेकरूचं म्हणणं, ते चुकीचं आहे हे सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. म्हणजे तोंडी करारात मालकच जास्त धोक्यात असतो. हे त्यांना समजावून सांगितलं की बहुतेक जण तयार होतात.

पोलीस ठाण्यात तक्रार घेत नाहीत.

आधी बघू की प्रकरण दखलपात्र आहे का. पुष्कळदा लोक हातात "एन.सी."ची पावती घेऊन येतात आणि गुन्हा दाखल झाला असं समजतात. एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद, तिच्यावर पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत.

गुन्हा दखलपात्र असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार कुठल्याही ठाण्यात, हद्द न बघता, तक्रार देता येते आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. नाकारलं तर तीच तक्रार लेखी, पोस्टानं, जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवायची. तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. प्रत्येक टप्प्याची पोच जपून ठेवा.

आणखी एक, विशेषतः बायकांसाठी : साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. १५ वर्षांखालच्या मुलांना, साठीच्या पुढच्यांना आणि अपंगांनाही तेच लागू आहे.

घरात मारहाण होते. पण हे चारचौघांत कसं बोलू?

चारचौघांत बोलावं लागणार नाही. हॉलच्या मागे तालमीची छोटी खोली आहे, तिथं फक्त मी आणि एक मुलगी बसते. दारात "वकीलबाईंकडं सातबाऱ्याचं काम हाय" म्हणून सांगा, कुणी पुढे विचारणार नाही. तुम्ही जे सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय बाहेर सांगायला मला कायद्यानंच मनाई आहे, आणि तीच मनाई माझ्या हाताखालच्यांनाही आहे.

२००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली मार थांबवण्याचा आदेश, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तुम्हाला रात्री-अपरात्री रस्त्यावर काढता येत नाही. मारहाणीबरोबर शिव्याशाप, पैसे अडवून धरणं, दागिने काढून घेणं हेही या कायद्यात हिंसाचारच आहे. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत करता येतो. जिवाला धोका असेल तर रविवारची वाट बघू नका : ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ लावा.

नवऱ्याला सोडायचं की नाही हे मी कुणालाही सांगत नाही. तुमच्यासमोर कुठले रस्ते आहेत ते सांगते. कुठला धरायचा ते तुम्ही ठरवायचं.

भांडण गल्लीतल्याच दोघांचं असेल तर तुम्ही कुणाच्या बाजूनं?

जो आधी आला त्याचं मी ऐकून घेतलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्याला मी सल्ला देऊ शकत नाही. त्याला दुसऱ्या वकिलांकडे किंवा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवते. यावरून लोक रुसतात. "बाई, तुम्ही लहानपणापासून ओळखता आम्हाला" असं म्हणतात. ओळखते म्हणूनच. एका घरातली गोष्ट ऐकून दुसऱ्या घराला सल्ला दिला तर उद्या या हॉलमध्ये कुणी तोंड उघडणार नाही.

दोघांनाही एकत्र बसून मिटवायचं असेल, तर दोघांच्या संमतीनं मधे बसते. भिंत, गटार, पार्किंग, गच्चीतलं पाणी असले वाद असेच मिटलेले चांगले. त्यानंतर त्या प्रकरणात मी कुणाचीच वकील होत नाही.

कोर्टात आमची केस तुम्हीच फुकट लढवाल का?

सगळ्यांची शक्य नाही. पण फुकट वकील मिळणं हा तुमचा हक्क असू शकतो, आणि तो मिळवून द्यायला आम्ही मदत करतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९क मध्ये मोफत कायदा साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ त्यासाठीच झाला. त्याच्या १२ व्या कलमानुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले आणि आपत्तीत सापडलेले यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे.

स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, हे पेठेत फार थोड्यांना माहीत आहे. अर्ज जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करायचा. वकिलाबरोबर कोर्ट फी, टायपिंग, नकला हा खर्चही तिथूनच होतो. त्या वकिलाला तुम्ही वेगळे पैसे द्यायचे नसतात. फोनवर चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

लोकअदालतीत जावं का?

बँकेचं थकीत कर्ज, अपघाताची भरपाई, वीजबिल, चेकच्या केसेस यांसाठी जरूर जा. तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याची ताकद असते. मात्र त्यावर अपील नाही. गर्दी असते, नाव पुकारलं की घाई होते, म्हणून किती रकमेपर्यंत मान्य करायचं ते आदल्या रविवारीच आमच्याशी बोलून ठरवून जा.

सावकारानं कोरे चेक आणि कोरा स्टॅम्प घेऊन ठेवलाय.

परवाना नसताना सावकारी करणं महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करायची. त्यांना झडती घेऊन कागद जप्त करण्याचे अधिकार आहेत, आणि कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन परत मिळवून देण्याचेही. व्याज कधी, किती, कसं दिलं याची वहीतली नोंद, फोन-पेचे मेसेज, जे असेल ते आणा. भीती वाटत असेल तर तीही सांगा, एकट्याला जाऊ देणार नाही.

दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागतो का?

जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर करा. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत पालकांचे नाहक पैसे जातात, ते बघवत नाहीत.

पुरात घरातले कागद भिजले. आता काय?

आमच्या पेठेसाठी हा प्रश्न कायमचा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात लोकांनी माणसं, म्हशी बाहेर काढल्या, कपाटातली ट्रंक राहिली. पाणी ओसरल्यावर याच हॉलमध्ये सतरंज्यांवर वर्तमानपत्रं पसरून खरेदीखतं वाळत घातली होती.

ओले कागद उन्हात घालू नका, शाई उडते आणि कागद आखडतो. सावलीत, पंख्याखाली, रद्दीवर पसरा. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. ती वाळताना सुटतात, नाहीतर तशीच घेऊन या.

जे गेलं ते बहुतेक परत मिळतं. नोंदणीकृत खरेदीखताची, हक्कसोडपत्राची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते. शहरातल्या घराचं मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयात, शेताचा डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन. जन्म-मृत्यूचे दाखले महापालिकेत, दहावी-बारावीची दुय्यम गुणपत्रिका शाळेमार्फत विभागीय मंडळाकडून. पंचनामा होईल तेव्हा "कागदपत्रे नष्ट" ही ओळ त्यात लिहून घ्या, पुढे प्रत्येक खिडकीवर ती उपयोगी पडते. आणि वर सांगितलेल्या १२ व्या कलमात पूरग्रस्तांचा स्पष्ट उल्लेख आहे. भरपाईसाठी, विम्यासाठी भांडायचं झालं तर मोफत वकील मिळतो.

मे महिन्यात आम्ही घरोघरी जाऊन कागदांचे मोबाइलवर फोटो काढून देतो. ते घरच्यांच्याच फोनमध्ये आणि परगावच्या एका नातेवाइकाकडे ठेवतो, आमच्याकडे ठेवत नाही. हे काम कॉलेजची मुलं करतात आणि फार मायेनं करतात.

हायकोर्टाच्या कामाला अजून मुंबईला जावं लागतं का?

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याला जोडलेले आहेत. रात्रीच्या गाडीनं फाइल उशाशी घेऊन मुंबईला गेलेल्या आपल्या माणसांना हे किती वर्षांनी मिळालं ते वेगळं सांगायला नको.

मी वकील नाही. मला मदत करता येईल का?

नक्की. आम्हाला सर्वांत जास्त गरज आहे ती चांगलं अक्षर असणाऱ्यांची, कन्नड किंवा हिंदीच बोलणाऱ्यांचं समजून घेणाऱ्यांची, आणि म्हाताऱ्या माणसाबरोबर प्रांत कार्यालयात रांगेत उभं राहणाऱ्यांची. निवृत्त तलाठी, बँकेतले क्लार्क, शिक्षक आले तर सोन्याहून पिवळं. सल्ला मात्र वकिलानंच द्यायचा. लॉचे विद्यार्थी कागद वाचतात, मसुदा करतात, शेवटचा शब्द माझा किंवा ज्युनिअरचा असतो.

अधिक रीतसर काम करायचं असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव देता येतं. तिथं प्रशिक्षण मिळतं, ओळखपत्र मिळतं, त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. आमच्या गल्लीतल्या एका अंगणवाडीच्या मावशींनी ते केलं आहे. बायका आता आधी त्यांच्याकडे जातात, मग आमच्याकडे.

एखाद्या रविवारी हॉल बंद असतो का?

गणपतीत हॉलमध्ये मूर्ती असते, तेव्हा शेजारच्या वाचनालयात बसतो. तालमीत कुणाचं लग्न असेल तर फळ्यावर आदल्या दिवशी लिहितो. मधल्या वारी नड आली आणि सहीसाठी कुणी घाई करत असेल, तर "घरी विचारून सांगतो" एवढं म्हणून कागदाची झेरॉक्स घ्या आणि जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. कोर्टाच्या कामाच्या दिवशी तिथं कुणी ना कुणी बसलेलं असतं.